दारावरचं मेटल डिटेक्टर आणि त्याची चौकोनी बॅटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीचा मांडव, आषाढीचा बंदोबस्त, मतमोजणीचं केंद्र, नीटची परीक्षा, मॉलचं दार. जागा बदलते, गार्डच्या हातातलं दांडकं तेच असतं. अशी मशीन भाड्याने देणं आणि दुरुस्त करणं हे आमचं काम. ‘बिघडलं’ म्हणून परत आलेल्या मशीनचं झाकण उघडून नवी बॅटरी घातली की पुष्कळदा ते निमूट चालू लागतं. गार्ड, मंडळांचे कार्यकर्ते आणि सुपरवायझर फोनवर जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. भर हातातल्या मशीनवर आहे. चौकटीच्या आणि जमिनीत शोधणाऱ्या मशीनबद्दल शेवटी थोडं.

नऊ व्होल्टची कोणती बॅटरी घ्यावी?

दुकानात ‘नऊ व्होल्टची द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त बॅटरी हातात पडते. ती झिंक-कार्बनची, म्हणजे साधी. तिच्यावर ६एफ२२ असं छापलेलं असतं. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळासारख्या अगदी कमी वीज खाणाऱ्या वस्तूला हे जुनं रसायन पुरतं. दिवसभर चालणाऱ्या मशीनला पुरत नाही. शिवाय ती लवकर गळते.

अल्कलाइनवर ६एलआर६१ असं असतं. आत दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. हलक्या वापरात ती साधारण ५०० मिलिअँपिअर-तास (आत किती वीज मावते त्याचं माप) देते. अधूनमधून लागणाऱ्या मशीनसाठी माझी पहिली पसंती हीच.

रोज चालणाऱ्या मशीनला रिचार्जेबल परवडते. निकेल-मेटल हायड्राइडची घ्यायची तर वेष्टनावरचे व्होल्ट वाचा. ८.४ लिहिलं असेल तर आत सात सेल आहेत, ७.२ असेल तर सहाच. ७.२ ची पूर्ण भरलेली बॅटरी घातली तरी काही मशीन ‘बॅटरी कमी’ म्हणून लाल दिवा लावतात आणि गार्ड आम्हाला फोन लावतो. ८.४ चीच घ्या.

अलीकडे लिथियम-आयनच्या चौकोनी बॅटऱ्या आल्या आहेत, अंगातच यूएसबीचं भोक असलेल्या. सोयीच्या आहेत, पण काहींच्या आत व्होल्ट वाढवून देणारं छोटं सर्किट असतं. त्याची कुरकुर मशीनच्या कॉइलला, म्हणजे धातू शोधणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, ऐकू येते आणि मशीन मधेच किणकिणतं. एक आणून स्वतःच्या मशीनमध्ये दिवसभर चालवून बघा, मगच डझनभर मागवा.

रिचार्जेबल महाग घेतली, तरी ती अल्कलाइनपेक्षा कमी तास का चालते?

कारण तिची टाकीच लहान. नऊ व्होल्टच्या आकारातली निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी १७० ते ३०० मिलिअँपिअर-तासांची असते, म्हणजे अल्कलाइनच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. ती शेकडो वेळा भरता येते, हा तिचा फायदा. एका पाळीत जास्त तास देणं हा तिचा गुण कधीच नव्हता. तशी अपेक्षा दुकानदार लावून देतो.

एका बॅटरीत किती तास निघतात?

मशीन किती खातं त्यावर. मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं मीटर, मिलिअँपिअरवर ठेवून बॅटरीच्या एका तारेत मध्ये जोडा आणि आकडा बघा. समजा, मशीन शांत असताना १० मिलिअँपिअर घेतं. मग ५०० च्या अल्कलाइनवर हिशोबाने ५० तास आणि २०० च्या रिचार्जेबलवर २० तास. पण वाजताना, आणि त्याहून जास्त थरथरताना, हाच आकडा कितीतरी पटींनी चढतो. परीक्षा केंद्रावर सकाळच्या दोन तासांत शेकडो मुलं येतात, प्रत्येकाच्या पट्ट्याला, चेनला मशीन वाजतं. तिथले दोन तास सोसायटीच्या गेटवरच्या दोन तासांसारखे नसतात. हिशोबाच्या निम्मे तास धरून चालावं.

हिरवा दिवा लागलाय, म्हणजे बॅटरी ठीक आहे ना?

अल्कलाइन असेल तर बहुधा हो. रिचार्जेबल असेल तर या दिव्यावर विसंबू नका. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अल्कलाइन बॅटरी जिना उतरल्यासारखी उतरते. नवी साधारण साडेनऊ व्होल्ट दाखवते, मग नऊ, साडेआठ, आठ. मशीनमधला दिवा या उताराच्या हिशोबाने बसवलेला असतो. लाल लागला तरी थोडा वेळ हातात उरतो.

निकेल-मेटल हायड्राइडची चाल वेगळी. सात सेलची बॅटरी चार्जरवरून काढल्यावर वर दिसते, थोड्याच वेळात साडेआठच्या आसपास येते आणि जवळजवळ सगळं आयुष्य तिथेच काढते. मग प्रत्येक सेल १ व्होल्टला आला, म्हणजे एकूण ७ झाले, की कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. दिवा दुपारी तीनपर्यंत हिरवा आणि सव्वातीनला मशीन बंद. व्होल्ट वाढवून देणाऱ्या लिथियम बॅटरीत तर शेवटपर्यंत ९ दिसतात आणि लाल दिव्याची पाळीच येत नाही.

बंद पडलेलं मशीन एका परीने बरं, कारण ते बंद आहे हे कळतं. चांगल्या मशीनमध्ये व्होल्ट स्थिर ठेवणारं सर्किट असतं, त्यामुळे बॅटरी संपेपर्यंत पकड तीच राहते. स्वस्तातल्या मशीनमध्ये ते नसतं. बॅटरी उतरते तशी मशीनची नजर मंदावते. ते चालू असतं, मोठ्या कुलपाला वाजतंही, पण खिशातली छोटी ब्लेड सोडून देतं. गार्डचा हात फिरतोय, दिवा लागलाय, लोक आत जातायत. एका दारावर मी असं मशीन दीड दिवस चाललेलं पाहिलं आहे. कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं.

मग पाळी सुरू करताना काय तपासायचं?

एक ठरलेली वस्तू ठेवा. आमच्याकडे पेन्सिलीला टोक काढायच्या शार्पनरचं पातं पुठ्ठ्यात चिकटवून ठेवलेलं असतं. हातातलं घड्याळ-अंगठी बाजूला काढा. टेबलापासून, गेटच्या लोखंडापासून लांब उभे राहून मशीन चालू करा. मग पुठ्ठ्यावरून ठरलेल्या अंतरावरून, समजा चार बोटांवरून, मशीन फिरवा. नव्या बॅटरीवर ज्या अंतरावर वाजत होतं त्याच अंतरावर वाजलं तर ठीक. जवळ न्यावं लागलं तर बॅटरी बदला, दिवा काहीही म्हणो. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा करा. याला अर्धा मिनिटही लागत नाही. तरीही होत नाही, कारण पुठ्ठा हरवतो. म्हणून तो दोरीने मशीनच्या पिशवीलाच बांधा.

मशीन उगाच वाजतंय. बॅटरीच ना?

बॅटरी असू शकते, पण बदलून बघितल्याशिवाय तिला दोष देऊ नका. नवी घालूनही वाजत असेल तर जागा बदला. मांडवात लोखंडी पाइप, जनरेटर, एलईडीच्या माळांचे अडॅप्टर असतात. पायाजवळ तपासताना फरशीखालच्या सळया लागतात. गार्डच्या स्वतःच्या मनगटातलं कडंही. दहा पावलं मोकळ्यावर जाऊन शांत झालं तर मशीन आणि बॅटरी दोन्ही निर्दोष.

मशीनला चार्जिंगची पिन आहे. आत अल्कलाइन असताना चार्जर लावला तर?

लावू नका. ती बॅटरी भरण्यासाठी केलेलीच नाही. तापते, गळते, फुटूही शकते, आणि गळलेलं सगळं मशीनच्या आत जातं. ज्या मशीनमध्ये कधी ही कधी ती बॅटरी असते, त्याच्या पिनवर आम्ही चिकटपट्टी लावून टाकतो. बॅटरीवर मार्करने ‘भरायची’ किंवा ‘भरायची नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहा. रात्रपाळीच्या माणसाला बारीक छपाई दिसत नाही.

वारीत, गावोगावच्या मुक्कामात चार्जिंग कसं सांभाळायचं?

खरं सांगायचं तर सांभाळूच नका. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट, रोज नवा मुक्काम, वीज बहुधा जनरेटरची आणि एका पट्टीवर मोबाइलचे वीस चार्जर. नऊ व्होल्टच्या बॅटरीचा साधा संथ चार्जर १४ ते १६ तास मागतो. २०० च्या बॅटरीला तो फक्त २० मिलिअँपिअर देतो, आणि भरताना काही वाया जातं. मुक्कामाला तेवढा वेळ मिळत नाही. मधेच जनरेटर बंद झाला तर बॅटरी अर्धी भरली की पाव, हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही.

अशा ठिकाणी अल्कलाइनचा डबा न्यावा. खर्च जास्त होतो, मान्य. पण मशीनमागे दोन सुट्या बॅटऱ्या असल्या की चार्जरची जागा, विजेची पट्टी, रात्री राखण करणारा माणूस, काहीच लागत नाही. नाशिकच्या सिंहस्थासारख्या मोठ्या बंदोबस्तात, जिथे तळ एकाच जागी महिनोन्‌महिने असतो, तिथे मात्र रिचार्जेबलच बरी: दोन संच, एक दारावर, एक चार्जरवर.

उतरलेले सेल उन्हात ठेवले की पुन्हा चालतात, हे खरं का?

रेडिओच्या काळापासून घराघरांत हे चालत आलं आहे आणि पूर्ण खोटंही नाही. ऊब मिळाली की साध्या सेलमधली रासायनिक क्रिया थोडी जलद होते, आणि विश्रांती मिळाल्यानेही व्होल्ट जरा वर येतात. पण नवी वीज त्यात कुठून येणार? गाण्याचा एखादा कार्यक्रम ऐकून झाला की सेल पुन्हा मान टाकायचा. दारावरच्या मशीनला हा उपाय करू नका. उन्हात तापलेला संपला सेल गळण्याचीच घाई करतो.

टेबलावर आपटून बॅटरी ओळखता येते म्हणतात?

पेन्सिल सेलच्या बाबतीत अर्धवट खरं. वापरलेला अल्कलाइन सेल जास्त उसळतो. पण प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की सेल निम्मा उतरेपर्यंतच उसळी वाढते, पुढे तेवढीच राहते. म्हणजे सेल नवाकोरा नाही एवढंच कळतं. चौकोनी बॅटरीला तर हा उपाय लागूच नाही. शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि मशीन चालू असताना बॅटरीवर लावून बघा. नुसत्या ठेवलेल्या बॅटरीचे व्होल्ट फसवे असतात, भार पडला की खरे दिसतात.

सुट्या बॅटऱ्या गार्डने खिशात ठेवल्या तर चालेल?

नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला, शेजारी-शेजारी असतात. खिशातलं नाणं किंवा किल्ली दोन्हीवर टेकली की झालं. बॅटरी चटका बसण्याइतकी तापते. कागदाचा कपटा किंवा सुपारीचं पाकीट सोबत असेल तर पेटूही शकतं. टोकांवर चिकटपट्टी लावा किंवा नवीन बॅटरीची प्लॅस्टिकची टोपी जपून ठेवा. संपलेल्यांनाही हेच, कारण आपल्याला संपलेली वाटणाऱ्या बॅटरीत ठिणगीपुरती वीज उरलेली असते.

झाकण उघडलं तर आत पांढरी पावडर. मशीन गेलं का?

लगेच आशा सोडू नका. अल्कलाइन बॅटरीतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे पांढरे खडे होतात. हातमोजे घाला, डोळ्यांना बोट लावू नका. बॅटरी काढा, कोरड्या ब्रशने पावडर झटका. मग कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन जरासं पुसा. अल्कलीला आम्ल लागलं की फसफस होते आणि ती मरते. नंतर स्पिरिटने पुसून सावलीत वाळवा. पाणी ओतू नका, ते सर्किटपर्यंत जातं. टोकांवर नुसता काळपटपणा असेल तर शाळेचा खोडरबर घासला तरी पुरतो. साध्या कार्बन बॅटरीची गळती मात्र आम्लाच्या बाजूची असते, तिथे लिंबू नको. ओलसर फडकं आणि मग स्पिरिट.

बॅटरी नवी, तरी मशीन हलवलं की बंद-चालू होतं.

वरची बटणांची कॅप सैल झाली आहे किंवा तिची तार आतून तुटली आहे. घाईघाईत बॅटरी ओढताना तार ओढली जाते, त्याचा हा परिणाम. बॅटरीला धरून कॅप एका कडेने उचलायची असते. सैल कॅपचं बाहेरचं बटण पकडीने किंचित आवळा. तार तुटली असेल तर नवी कॅप इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळते. जुने कारागीर मेलेल्या बॅटरीचंच डोकं काढून कॅप बनवतात. तसं कुणी केलं असेल तर लाल-काळी तार उलटी येते हे लक्षात ठेवा, कारण त्या डोक्यावरचं अधिकचं बटण जिवंत बॅटरीच्या उण्याला बसतं. आणि अंधारात बॅटरी उलटी टेकवून ‘बसते का’ बघू नका. उलट विजेपासून वाचवणारा डायोड प्रत्येक मशीनमध्ये असतोच असं नाही.

पावसात काय करायचं?

पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढवून मुठीपाशी रबर लावा. मशीनला प्लॅस्टिक दिसतच नाही. कोकणात मात्र पावसापेक्षा दमटपणा वाईट: पिशवीत बंद राहिलेलं मशीन आतून घामेजतं आणि खाऱ्या हवेत टोकं हिरवी पडतात. पाळी संपली की पिशवी काढा, झाकण उघडा, बॅटरी बाहेर, पंख्याखाली तासभर.

उन्हाळ्यात गाडीत ठेवलेल्या बॅटऱ्या खराब होतात का?

होतात. नागपूर-चंद्रपूरला मेमध्ये बाहेरच ४५ अंशांच्या वर असतं. काचा बंद असलेल्या गाडीत ते साठच्या पुढे जातं. रिचार्जेबल अशा उष्णतेत नुसती पडून उतरते आणि तिचं आयुष्यही घटते. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर भरू नये. दुपारी तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावण्याची सवय सोडा, आधी सावलीत निवू द्या. पाण्याच्या माठाजवळ, पण माठाला न टेकता, ही आमच्या विदर्भातल्या एका सुपरवायझरची जागा. फुगलेली लिथियम बॅटरी दिसली तर ती वापरातून बाद, दाबून सपाट करायची नाही. फ्रिजची मात्र गरज नाही. तिथून बाहेर काढली की अंगावर पाणी सुटतं.

चौकटीच्या मशीनचं काय?

डीएफएमडी, म्हणजे दाराच्या चौकटीसारखं उभं मशीन, घरच्या विजेवर चालतं. जनरेटरवर बदल होताना क्षणभर वीज गेली की ते पुन्हा सुरू होतं आणि मोजणी शून्यावर येते, म्हणून मागे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची शिसाची बॅटरी ठेवतात. हिशोब सोपा: १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॅट-तास. मशीन ३० वॅटचं धरलं तर कागदावर पावणेतीन तास, प्रत्यक्षात दोन धरा. ही बॅटरी रिकामी करून गोदामात टाकली की पत्र्यांवर सल्फेट धरतं आणि पुढच्या वर्षी ती भरत नाही. सणानंतर पूर्ण भरून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरा. यूपीएसचा डबा चौकटीला चिकटून ठेवू नका, दीड-दोन मीटर लांब सरकवा. नाहीतर प्रत्येक भक्त ‘शस्त्रधारी’ ठरतो.

मशीन जास्त असली तर बॅटऱ्यांची नोंद कशी ठेवावी?

दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक रिचार्जेबलवर क्रमांक आणि घेतल्याचा महिना. भरली कधी, दिली कोणत्या मशीनला, किती तास चालली. एखाद्या क्रमांकापुढे तास सारखे घटताना दिसले की ती बाद. बरेच जण भरलेल्या आणि उतरलेल्या एकाच डब्यात टाकतात आणि मग रात्री दोनला चाचपत बसतात. दोन डबे, दोन रंग.

हंगाम संपल्यावर कसं ठेवायचं?

मशीनमधून बॅटरी काढून. हे एवढंच पाळलं तरी आमचा निम्मा धंदा बसेल. अल्कलाइन तशीच थंड, कोरड्या जागी. लिथियम अर्धी भरलेली. साधी निकेल-मेटल हायड्राइड पहिल्या महिन्यातच पाचवा हिस्सा किंवा जास्त आपोआप गमावते, म्हणून गणपतीच्या आदल्या दिवशी नव्याने भरा. जुलैत भरली होती हे कारण चालत नाही.

किल्ल्यावर नाणी शोधायला जमिनीतलं मशीन वापरायचंय. कुठली बॅटरी चांगली?

आधी बॅटरीचं नाही, कायद्याचं बघा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. संरक्षित स्मारकांवर विनापरवाना खणणं १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. किल्ल्यावर जायचं तर दुर्बीण न्या.

आम्ही इंग्लंडमध्ये आहोत. शेतमालकाच्या परवानगीने शोधतो. थंडीत सेल लवकर का बसतात?

चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या मशीनचा हा नेहमीचा अनुभव. गारठ्यात अल्कलाइनमधली क्रिया मंदावते आणि व्होल्ट लवकर पडतात. निकेल-मेटल हायड्राइड थंडीत तिच्यापेक्षा बरी टिकते. चारही मिळून सहाऐवजी ४.८ व्होल्टच दिसतात, त्यामुळे मीटर सुरुवातीपासून एक काडी कमी दाखवेल, घाबरू नका. कमी गळतीच्या, वेष्टनावर ‘भरून मिळतात’ असं लिहिलेल्या घ्या. सुटा संच कोटाच्या आतल्या खिशात, डबीत. चारही एकाच वेळी घेतलेले, एकत्र भरलेले असू द्या. त्यात एक जुना असला की तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे तिघे त्याच्यातून उलटी वीज ढकलतात. भारतात सुट्टीवर येताना लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही.

संपलेल्या बॅटऱ्या टाकायच्या कुठे?

घंटागाडीच्या ओल्या-सुक्या डब्यात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी लहान बॅटऱ्याही उत्पादकांच्या जबाबदारीत आणल्या आहेत. वेष्टनावरची काट मारलेल्या कचरापेटीची खूण त्याचसाठी. शिसाची बॅटरी दुकानदार जुन्याच्या बदल्यात घेतोच. लहान बॅटऱ्यांची टोकं चिकटपट्टीने बंद करून बरणीत साठवा आणि बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. आमच्याकडे मशीन दुरुस्तीला येतं तेव्हा लोक सोबत जुन्या बॅटऱ्यांची पिशवीही आणतात. आणा, पण चिकटपट्टी लावून आणा.